निशाणदाराचं निवृत्तिपत्र

एबोराकमची छावणी, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा

मातार्नसकडून सेनोवाराताईला. तू बरी असशील, गुडघा कुरकुरत असेल, आणि तरीही दारूची पिंपं तू स्वतःच उचलत असशील.

ताई, उन्हाळ्यात माझी वीस वर्षं भरली. भरती झालो तेव्हा तू मला लिंडमच्या वेशीपर्यंत सोडायला आली होतीस आणि रडायचं सोडून माझ्या बुटांना नावं ठेवत होतीस. ते बूट खरंच तीन महिन्यांत फाटले. आता नियमाप्रमाणे मी मोकळा. पण निवृत्तिपत्रावर शिक्का लागतो, आणि तो फक्त सम्राटाचा चालतो. सम्राट समुद्रापलीकडे. आमच्या लेखनिकाने तीनदा लिहिलं, एकदाही उत्तर नाही. चार वर्षांत तिकडून पगाराची गाडी आली नाही, तिथे एका निशाणदाराच्या पत्राला कोण विचारतो? माझ्यासारखे वीस वर्षं भरलेले इथे आणखी चाळीसजण आहेत. रोज सकाळी आम्ही लेखनिकाच्या दारात उभे राहतो आणि तो रोज मान हलवतो.

पण आता चांगली बातमी ऐक. आम्हाला इथेच सम्राट मिळाला. घोडदळाचा सेनापती मार्तियालिस. चार दिवसांपूर्वी पलटणीने त्याला ढालीवर उभं करून उचललं, जयजयकार केला, झालं काम. माणूस बरा आहे. शिपायांबरोबर जेवतो, नावानिशी हाक मारतो. पलीकडच्याला आमची आठवण नाही, म्हणून आम्ही आमचा करून घेतला, यात कुणाचं काय बिघडलं? मुख्य म्हणजे त्याच्याजवळ शिक्का आहे. हिवाळ्यात मी घरी असेन. माडीवरची खोली झाडून ठेव.

तुझा मातू

लिंडम, ऑक्टोबरची दहा तारीख

सेनोवाराकडून मातार्नसला. गुडघा आहे तिथेच आहे.

तुझं पत्र दोका गाडीवान घेऊन आला. तू जेवढं लिहिलंस त्याच्या दुप्पट तो बोलला, आणि त्याला दारू पाजल्यावर चौपट. तो म्हणाला, सम्राट ढालीवर चढला पण डोक्यावर घालायला मुकुट नव्हता. कुणी म्हणालं, बायकोच्या गळ्यातलं काहीतरी आणा. कुणी म्हणालं, घोड्याच्या कपाळावरचा पट्टा चालेल. शेवटी एका निशाणदाराने आपल्या गळ्यातलं पिळाचं कडं काढून दिलं आणि तेच त्याच्या डोक्यावर बसवलं. एबोराकमच्या पलटणीत सोन्याचं कडं अजून न विकलेले निशाणदार किती राहिलेत, मातू? मला एकच माहीत आहे. लहानपणी तू मडकं फोडायचास आणि संध्याकाळपर्यंत घरातल्या बाकी सगळ्या गोष्टी सांगत बसायचास. तुझं पत्र तसंच होतं.

असो. दिलंस ते दिलंस. आता त्यातून फायदा तरी करून घे. ज्याच्या कड्यावर त्याचं राज्य उभं आहे त्या माणसाला तो विसरणार नाही. त्याच्या डोळ्यांसमोर राहा. दाराशी पहाऱ्याचं काम मागून घे. शिक्का हाताशी आला की निघ. त्याआधी मात्र निघू नकोस. आमच्या गल्लीतल्या उरिकालुसचा मुलगा गेल्या वर्षी पत्राशिवाय घरी आला होता. तीन दिवस आईच्या हातचं जेवला. मग त्याला साखळीने नेलं आणि फराऱ्याला आसरा दिला म्हणून उरिकालुसचं घर गेलं. म्हातारा हल्ली देवळाच्या ओसरीत झोपतो. मला भीती वाटते असं नाही, पण शिक्का असलेलं पत्र घेऊन ये.

खोली झाडली आहे. कौलं दोन फुटली आहेत, ती तू आल्यावर बसव.

सेनोवारा

एबोराकम, डिसेंबर, सॅटर्नच्या सणाआधी दोन दिवस

मातार्नसकडून ताईला.

हो, कडं माझंच. लिहिणार होतो, पण तू अशी चिडशील हे ठाऊक होतं. खरं सांगतो, त्या गर्दीत सगळे माझ्या गळ्याकडे बघायला लागले तेव्हा ते न देणं जास्त अवघड होतं.

तुझा सल्ला मानला. आता मी सम्राटाच्या दाराशी असतो. आमच्या निशाणाच्या काठीवरच्या तबकडीवर सम्राटाचा चेहरा रंगवलेला असतो हे तुला माहीत आहे. पलीकडच्याचा चेहरा पुसून रंगाऱ्याने तिथे मार्तियालिस काढला. नाक चांगलं जमलंय. मी त्याला म्हटलं, अरे, रंग पातळ लावलास. तर म्हणतो, जाड लावला की खरवडायला त्रास होतो. मग दोघेही हसलो. नंतर मला हसल्याचं बरं वाटलं नाही.

मार्तियालिस आता शिपायांबरोबर जेवत नाही. कवचासकट उकडलेली अंडी खातो, ती स्वतः सोलतो. पाणी विहिरीतून स्वतः काढतो. मला म्हणाला, मातार्नस, तुझा चेहरा बघितला की झोप लागते. दरवर्षी सणात शिपाई फासे टाकून एक खोटा राजा निवडतात, दिवसभर त्याचे वेडेवाकडे हुकूम पाळतात, तू एकदा आली होतीस तेव्हा पाहिलं होतंस. यंदा खोटा राजा निवडायचा नाही, असा हुकूम आलाय. शिपाई गप्प बसून डुकराचं मटण खाणार. कसला सण तो.

माझं पत्र लिहून तयार आहे. जानेवारीत पलटण सम्राटाची शपथ घेते, त्या दिवशी तो शिक्का मारणार आहे. आता दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न.

मातू

अबुस नदीचा उत्तर काठ, नावेच्या तरीवरची धर्मशाळा, जानेवारी

ताई, शिक्का मिळाला. पत्र माझ्या छातीशी बांधलेलं आहे, मी तीनदा चाचपून बघितलं. मार्तियालिसने स्वतःच्या हाताने शिक्का मारला आणि म्हणाला, तू नशीबवान, तुला जाता येतं. कडं मात्र त्याने ठेवून घेतलं. राहू दे, मला त्याचं काय करायचंय.

नदीला वारा फार आहे. नावाडी म्हणतो, उद्या नाहीतर परवा पलीकडे सोडेन. आपला काठ इथून दिसतोय. बोरूचं बेट दिसतंय, त्यामागचा रस्ता दिसतोय. हे पत्र टपालाच्या घोडेस्वाराबरोबर वरच्या उताराने पुढे पाठवतोय, कारण घोडा पोहतो आणि मी पोहत नाही. चार दिवसांत घरी. डुकराचा बेत कर.

मातू

लिंडम, फेब्रुवारीची आठ तारीख

सेनोवाराकडून मातार्नसला.

डुक्कर कापलं. चार दिवस झाले, सहा झाले, मग मी मांस मिठात घातलं. आठव्या दिवशी दोकाच्या गाडीत बसून तरीपर्यंत गेले. नावाड्याने सांगितलं की तू घाटावर उभा होतास, वारा पडला होता, नाव सुटायच्या बेतात होती, तेवढ्यात उत्तरेकडून एक स्वार आला आणि तू त्याच्याबरोबर परत गेलास. का गेलास ते त्याला ठाऊक नव्हतं.

घरी आले तर चौकात दवंडी चालू होती. मार्तियालिस हा तोतया होता, त्याचा अंत झाला, त्याच्या अंमलातला प्रत्येक शिक्का रद्द. जमिनीचे निकाल रद्द, नेमणुका रद्द, निवृत्तिपत्रं रद्द. परवापर्यंत ज्याचं नाव घेताना आपल्या नगरसभेचे लोक उभे राहायचे, त्याला तोतया म्हणताना त्यांची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

तू जिवंत आहेस एवढं कळव. मग रागावेन.

सेनोवारा

एबोराकम, मार्चची पहिली तारीख

मातार्नसकडून ताईला. जिवंत आहे. रागावून घे.

तू घाटापर्यंत आलीस हे वाचलं. स्वाराने घाटावरच हुकूम वाचला: तोतयाने मोकळे केलेले सगळे पाच दिवसांत हजर व्हा, नाहीतर फरारी. माझा एक पाय नावेत होता, ताई. हे मी अलंकारिक बोलत नाही, खरंच होता. नावाडी म्हणाला, काय ते ठरवा, मला दोर सोडायचाय. मला उरिकालुसची ओसरी आठवली. मी पाय काढून घेतला.

मार्तियालिसला हमामखान्यात मारलं. आता प्रोबियानस सम्राट आहे. धान्यकोठाराचा अधिकारी, जाडा, घामट, सगळ्यांना घाबरणारा. तलवार कुठल्या बाजूला बांधतात हेसुद्धा त्याला शिपायाने सांगावं लागतं. शिपायांनी त्याला निवडलं, कारण कोठाराच्या किल्ल्या त्याच्याजवळ होत्या. मार्तियालिसच्या डोक्यावरचं माझं कडं काढलं, धुतलं, आणि याच्या डोक्यावर घातलं. घट्ट झालं म्हणून जरा फाकवावं लागलं. रंगाऱ्याने तबकडी खरवडली. पातळ रंगाचा उपयोग झाला.

मी याच्याकडे शिक्का मागायला गेलो नाही. मागून करायचं काय? हा गेला की तोही रद्द. आम्ही एकेचाळीस म्हातारे हल्ली संध्याकाळी निशाणघराशी जमतो. ते मला विचारतात, निशाणदार, पुढे काय? परवा दोघांचं बुटांवरून भांडण झालं, तर शतकनायकाकडे न जाता माझ्याकडे आले. मी बूट अर्धे-अर्धे वाटून दिले, म्हणजे डावा एकाला आणि उजवा दुसऱ्याला. इतके हसले की भांडण विसरले. दुसऱ्या दिवशी आणखी चारजण तक्रारी घेऊन आले.

तू काळजी करू नकोस. दोनदा राज्य बदललं आणि मला खरचटलंसुद्धा नाही.

मातू

लिंडम, एप्रिलची दुसरी तारीख

सेनोवाराकडून मातूला. हे पत्र एकट्याने वाच आणि चुलीत घाल.

तू गमतीने लिहिलंस, पण मला हसू आलं नाही. भांडणं घेऊन माणसं तुझ्याकडे येतात, हे मला मुळीच आवडलं नाही. मार्तियालिसबद्दल पहिल्या पत्रात तू काय लिहिलं होतंस? शिपायांबरोबर जेवतो, नावानिशी हाक मारतो. मी ते पत्र काढून पुन्हा वाचलं. आता तुझ्याबद्दल कुणीतरी आपल्या बहिणीला तेच लिहीत असेल.

मी तुला चुकीचा सल्ला दिला. त्याच्या डोळ्यांसमोर राहा, असं मीच लिहिलं. मला वाटलं, शिक्का जिथे तिथे आपलं काम. मी तुला त्या जागेच्या जवळ ढकललं जिथून माणूस सरळ जमिनीखाली जातो. बाकी कुणी सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस, माझं ऐकलंस.

आता माझं एकच ऐक. पत्राशिवाय ये. दोका वीस तारखेला रिकामी पिंपं घ्यायला तुमच्या छावणीत येईल. मोठ्या पिंपात माणूस बसतो, मी स्वतः बसून पाहिलं. शेजारणीने झाकण लावताना मला विचारलं, काय शोधतेस? म्हटलं, कानातलं. घर गेलं तर गेलं. मी ओसरीवर झोपेन, उरिकालुसला सोबत होईल. तू मात्र ये.

सेनोवारा

एबोराकम, मे महिन्याचा दुसरा आठवडा

मातार्नसकडून ताईला.

दोका आला, पिंप आणलं, मी त्याच्या शेजारी बसून एक पेला प्यालो आणि त्याला तसाच परत पाठवला. शिव्या दे.

मी पिंपातून पळालो तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चाळीसजणांना रांगेत उभं करतील. पूर्वी दर दहातला एक मारायचे म्हणतात. हल्ली मोजायला वेळ कुणाला आहे? आणि तुझं घर. तू म्हणतेस गेलं तर गेलं, पण त्या घराच्या विटांना मी आठ वर्षांचा असताना तुझ्याबरोबर माती मळली आहे. मला ते जायला नको आहे.

इथे चांगलं चाललेलं नाही. प्रोबियानसने पलटण घेऊन समुद्रापलीकडे जायचं ठरवलंय, खऱ्या सम्राटाशी लढायला. ज्याला घोड्यावर चढायला दोन माणसं लागतात तो म्हणे राजधानी घेणार. शिपाई जायला तयार नाहीत. उत्तरेकडचे लोक सरहद्दीची भिंत ओलांडून गुरं नेताहेत, यांची बायकामुलं इथे, आणि हे लढायला जाणार दुसरीकडे. आज सकाळपासून अंगणात घोळके उभे आहेत. कुणी ओरडत नाही, हे वाईट. ओरडणारे शिपाई मला समजतात.

काहीतरी होणार, पण त्यात मी नसणार, हे तुला लिहून देतो. मी निशाणघरात बसून राहणार आहे.

खाली गडबड ऐकू येतेय. प्रोबियानसला बाहेर ओढलंय वाटतं. मारतील त्याला. जाड्या, पण कुणाचं धान्य कधी कमी मोजलं नाही त्याने. बघून येतो. उरलेलं उद्या लिहितो.

याच पत्राच्या मागच्या बाजूला, नऊ दिवसांनी

ताई, लेखनिक म्हणाला, पत्राची सुरुवात चार ओळींच्या पदव्यांनी करायची असते. त्याला बाहेर पाठवलं. हे मीच लिहितोय.

काय झालं ते तू दुसऱ्याकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक. मी खाली गेलो तो त्याला वाचवायला गेलो होतो. गर्दीने मला वाट दिली. तेव्हाच मला कळायला हवं होतं, गर्दी निशाणदाराला वाट देत नाही. मी पोचलो तोवर प्रोबियानस पडला होता. एकाने त्याच्या डोक्यावरचं कडं काढलं, अंगरख्याला पुसलं आणि माझ्यासमोर आला. तोंडावर काही राग नव्हता. म्हणाला, निशाणदार, हे तुझं.

मला वाटलं, परत देतोय.

वीस वर्षांत दर सणाला, दर कवायतीला ते कडं कुणीतरी माझ्या गळ्यात घातलंय. ते एकट्याने घालता येत नाही. घालून घेताना मान खाली करावी लागते. मी मान खाली केली. त्याने ते गळ्यात घातलं नाही, डोक्यावर ठेवलं. मी वर बघितलं तर सगळे गुडघ्यांवर होते आणि मागून ढाल येत होती.

मी नाही म्हणालो, पाच-सहा वेळा म्हणालो. आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याने, काटुआरुसने, कानाशी येऊन सांगितलं, मातार्नस, मान खाली केलेली सगळ्यांनी बघितली. आता नाही म्हणालास तर दुसरा करतील, आणि तो पहिलं काम तुला मारायचं करेल. मग मी ढालीवर चढलो. ती डगमगत होती. मला एवढंच आठवतं की पडलो तर लोक हसतील असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी मी शिक्का मागवला. तो केवढासा असतो ठाऊक आहे? अंगठ्याच्या नखाएवढा. एवढ्याशा त्या गोष्टीसाठी आम्ही दारात उभे राहायचो. चाळीस निवृत्तिपत्रं लिहून घेतली आणि चाळीसांवर मारला. त्यांना म्हटलं, आजच्या आज निघा, सरळ रस्त्याने जाऊ नका, माझा शिक्का फार दिवस टिकणार नाही, तो टिकेल तोवर नदी ओलांडा. काटुआरुस जायला तयार नव्हता. त्याला हुकूम करावा लागला. सम्राट म्हणून मी केलेला तो एकमेव हुकूम जो कुणी रडत पाळला.

मग मी लेखनिकाला माझं पत्र लिहायला सांगितलं. त्याने सगळे नमुने काढून बघितले. निशाणदाराचा नमुना आहे, घोडेस्वाराचा आहे, तुतारीवाल्याचासुद्धा आहे. सम्राटाच्या निवृत्तीचा नमुना नाही. बिचारा माफी मागत होता.

त्या चाळीसांतले काही दक्षिणेकडे येतील. ज्यांना घर उरलेलं नाही त्यांना मी तुझं घर सांगितलंय. तुला विचारलं नाही, पण तू नाही म्हटलं नसतंस. मला उत्तर लिहू नकोस. ज्यांनी उचललं ते आता माझ्याकडे कसे बघतात हे मी दोनदा दाराशी उभं राहून पाहिलेलं आहे, म्हणून मला दिवस मोजावे लागत नाहीत. अंडी मी सोलत नाही. सगळ्यांबरोबर जेवतो.

तुझा मातू

लिंडम, जूनची बारा तारीख

मातूला.

लिहू नकोस म्हणालास, म्हणून लिहितेय. आयुष्यात तुझं कधी ऐकलं नाही, आता तू सम्राट झालास म्हणून ऐकू?

सातजण आले. नावं लिहीत नाही. सातूला मोड आणून वाळवायची आपली वरची माडी आहे, तिथे आहेत. उन्हाळ्यात भट्टी बंद, त्यामुळे तिथे कुणी येत नाही. बैलासारखं खातात. त्यातला एक म्हातारा आहे. काल मी भाकरी घेऊन वर गेले तेव्हा म्हणाला, तो छावणीच्या दरवाज्यापर्यंत आम्हाला सोडायला आला होता. मी विचारलं, काय म्हणाला? तर म्हणे, सगळ्यांच्या बुटांना नावं ठेवत होता. मी खाली येऊन पिंपावर बसले आणि खूप वेळ रडले, हे तुला कळायला हरकत नाही.

तू ये. त्यांच्यासारखा ये, चिखलातून, वाटेल तसा. आठव्या माणसाला जागा आहे. शिक्का नको, पत्र नको, मला काही नको.

ताई

(हे पत्र दोका गाडीवानाने तरीवरून न उघडता परत आणलं. पलीकडे नाव सोडत नव्हते.)

एबोराकम, जूनचा शेवटचा दिवस. लिंडममधील सेनोवारा, मद्य बनवणारी, वितालिसची विधवा, हिला.

सम्राटांच्या आज्ञेवरून. सम्राटांचं नाव पुढील हुकुमात कळवलं जाईल.

पलटणीतील निशाणदार मातार्नस याने तेवीस दिवस सम्राटपद बळकावलं. त्याला योग्य तो दंड देण्यात आला आहे. देह मागू नये. त्याच्या तेवीस दिवसांतले सर्व शिक्के रद्द समजावेत. त्याने बेकायदा मोकळे केलेले चाळीस शिपाई आजपासून फरारी आहेत. त्यांपैकी काही लिंडमच्या बाजूला गेल्याचं कळतं. तोतयाची तू बहीण आहेस, हेही कळतं.

तरी तू दोन गोष्टी लिहून पाठवाव्यात. एक, तुझ्याकडे कोणी आलं असल्यास त्यांची नावं. दोन, सदर तोतयाशी तुझा काही संबंध नव्हता आणि तू त्याचं नाव टाकलं आहेस. या दोन्ही गोष्टी दहा दिवसांत आल्यास घर आणि भट्टी तुझ्याकडे राहतील.

लेखनिकाची सही

लिंडम, जुलैची आठ तारीख

सेनोवाराकडून एबोराकमच्या लेखनिकाला.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही दोन गोष्टी लिहायला सांगितल्या आहेत, त्या लिहिते. मला लिहायला माझ्या नवऱ्याने शिकवलं, तोही लेखनिक होता, त्यामुळे कागदावर काय लिहिलं की काय होतं याची मला कल्पना आहे.

दुसरी गोष्ट आधी लिहिते. मातार्नस माझा धाकटा भाऊ. आई गेल्यावर मी त्याला वाढवलं. त्याने वीस वर्षं तुमची काठी धरली आणि बदल्यात फक्त घरी जायची परवानगी मागितली. त्याचं नाव मी टाकलेलं नाही, टाकणार नाही. घर आणि भट्टी तुम्हाला घ्यायची असेल तर घ्या. कौलं दोन फुटलेली आहेत.

पहिल्या गोष्टीचं उत्तर. भट्टी आठ दिवसांपूर्वी झाडून घेतली, माडी रिकामी आहे, तुमच्या माणसांनी येऊन खुशाल बघावी. माझ्याकडे कोणी आलं नाही. माझा भाऊसुद्धा नाही.

सेनोवारा